उजवा हात

गज दुसऱ्यांदा खाली आला तेव्हा मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. तिघं होते. तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट. एकानं त्याची मान गुडघ्याखाली दाबली होती, दुसऱ्यानं उजवा हात पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ताणून धरला होता आणि तिसरा मारत होता. कुणी शिवी दिली नाही की धमकी दिली नाही. लाकूड फोडावं तसं काम उरकलं आणि वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवरून उड्या टाकून ते पसार झाले. भर दुपार होती. नवं सत्र सोमवारी सुरू व्हायचं होतं. अर्ध्या खोल्यांना अजून कुलपं होती.

कॉलेजात त्याला सगळे किडा म्हणत. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता आणि किड्यांची चित्रं काढायचा. भुंगे, नाकतोडे, मुंगळे, पायावरच्या केसन् केसासकट. संध्याकाळी बॅडमिंटन खेळायचा. उरलेला वेळ राजकारणाला. विद्यार्थी संघटनेची भाषणं तो लिहायचा आणि ती ठोकायचा कॅप्टन, त्याच्याच खोलीत राहणारा. दोघं एका ताटात जेवत आले होते. किड्याला टायफॉइड झाला तेव्हा कॅप्टननं परीक्षा सोडून त्याच्या उशाशी रात्री काढल्या होत्या.

पण सुट्टीत घरी पडल्या पडल्या किड्यानं बराच विचार केला. पत्रकं वाटून झाली, घोषणा देऊन झाल्या, डोकीही फुटली. ग्रंथालयाचं छप्पर मात्र गळायचं ते गळतंच आहे. विरुद्ध गटाचा जाहीरनामा त्यानं शांतपणे वाचला, तर तो आपणच लिहिल्यासारखा वाटला. परत आल्यावर बॅगही न उघडता तो कॅप्टनला म्हणाला, "यंदाची निवडणूक तुमची तुम्ही बघा. मी अभ्यास करणार, चित्रं काढणार. या भांडणात मला आता काही अर्थ वाटत नाही."

"काढ की चित्रं," कॅप्टन हसून म्हणाला होता. "तुला कोण अडवतंय?"

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. उशाशी आई होती. शेजारच्या गावातल्या शिवणकामाच्या कारखान्यातून ती तशीच धावत आली होती, मोजपट्टी अजून गळ्यात होती. खाटेभोवती संघटनेची पोरं उभी होती. कॅप्टनचे डोळे रडून सुजले होते.

"त्यांचीच माणसं," कॅप्टन म्हणाला. "एक उंच होता ना? नीट आठव."

विरुद्ध गटाचा म्होरक्या इतका उंच होता की दारातून वाकूनच आत यायचा. त्याला सगळे उंट म्हणत. सभेत तो किड्याच्या भाषणांच्या चिंध्या करायचा आणि संध्याकाळी त्याच्याच बाजूनं बॅडमिंटन खेळायचा. तो असं काही करेल हे किड्याला पटत नव्हतं. पण हातातून कळा निघत होत्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय आतली आग निवणार नव्हती.

"होता," तो म्हणाला. "उंटच होता."

पोरं तडक बाहेर पडली. आईनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तोंड दिसलं होतं का रे त्याचं?" तिनं विचारलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

उंट वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या मेसमध्ये रात्रीचं जेवत होता. पोरांनी आधी दार लावून घेतलं. कॉलर धरून त्याला ताटावरून उठवलं, तेव्हा तो विचारत होता की किड्याला काय झालंय, कुठल्या दवाखान्यात आहे. कुणी त्याच्या पाठीत बाक घातलं, कुणी तोंडावर स्टंप. तो टेबलाखाली शिरला तर पाय धरून त्याला ओढून काढलं. तेवढ्यात त्याच्या गटाची पोरं दार फोडून आत आली. मग सळया आणि फुटक्या बाटल्या दोन्हीकडून चालल्या. भाताचं उकळतं आधण स्वयंपाक्याच्या पायांवर कलंडलं. त्या गोंधळात उंट गॅलरीत पळाला. कठड्याशी त्याला गाठलं. नाकातोंडातून रक्त वाहत असताना त्यानं हात जोडले. तसेच जोडलेल्या हातांसकट त्याला खाली ढकललं.

रात्री उशिरा कॅप्टन एकटाच आला. आई औषधं आणायला खाली गेली होती. त्यानं शर्ट बदलला होता, पण कानामागे रक्त वाळलेलं होतं.

"उंट?" किड्यानं विचारलं.

"गेला. जागच्या जागी." कॅप्टन स्टुलावर बसला. "आता आपल्यासमोर उभं राहायला कुणी उरलं नाही."

किडा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी म्हणाला, "मी त्याला बघितलंच नव्हतं. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला," कॅप्टन म्हणाला.

मग कॅप्टननं प्लास्टरवरून हळूच हात फिरवला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"बोटांच्या नसा चिरडल्यात. पेन्सिल धरता येणार नाही."

कॅप्टनचा चेहरा एकदम पडला. त्यानं खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"मी त्यांना डावा सांगितला होता रे," तो म्हणाला.