पुढची सीट

मागची जीप गाडीच्या अगदी बुडाला चिकटली होती. हॉर्नवर हॉर्न, दिव्यांची उघडझाप. महिन्यापूर्वीच लायसन्स हातात पडलेल्या थोरल्या सुनेने स्टिअरिंग घट्ट धरलं.

आत्ता धाकटी जाऊ असती, तर तिने त्या जीपवाल्याला अशी हूल दिली असती की बस्स. वर घरी येऊन मीठमसाला लावून सांगितलं असतं. थोरलीचा पाय शिवशिवला. आपण काय कमी आहोत? पण गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: मागचा पिसाळलाय असं दिसलं की त्याच्या नादी लागायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही, वाट द्यायची. तिने इंडिकेटर दिला, वेग कमी केला, गाडी कडेला घेतली. जीपवाला हातवारे करत निघून गेला.

“पाहिलंत ना आई?” तिने विचारलं. आरशात बघितलं, तर मागच्या सीटवर सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

थोरलीच्या पोटात नेहमीचं दुखणं उठलं. धाकटीच्या गाडीत ही बाई हटकून पुढे बसते. वाटभर अखंड बोलते म्हणे, धाकटीच कौतुकाने सांगते. आणि आपल्या गाडीत? मागे बसायचं आणि गल्लीचं वळण जायच्या आत झोपायचं. आपण सून कसली, भाड्याची ड्रायव्हर. उद्या घाट चढून आजारी बहिणीला भेटायला जाताना त्या कोणाला नेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी पोचल्या तेव्हा दारात धाकटी बोटावर किल्ली फिरवत उभी होती. “आई, उद्या आरामात निघू. घाट काय, मी चुटकीसरशी चढवते.”

“उद्या थोरली नेईल मला,” सासूबाई जांभई देत म्हणाल्या.

किल्ली फिरायची थांबली. थोरलीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

“तिच्या गाडीत तर तुम्ही नुसत्या झोपता,” धाकटी म्हणाली. “माझ्याशी कशा पुढे बसून बोलत असता.”

सासूबाईंनी वाकून चपला काढल्या.

“बोलते कुठे, बाई? ट्रक आला, हळू घे, त्याला जाऊ दे, एवढंच तर म्हणत असते. तुझ्या गाडीत डोळे मिटायची माझी छाती होत नाही.”