शेणीवरचा विस्तव

चुलीत हात घातला तर राख गारढोण! परशराम खानसाम्याने कपाळाला हात लावला. बेळगुंदीतली पौषाची सकाळ, धुकं असं की कुंपण दिसेना, आणि मिशनच्या बंगल्यात चहाला विस्तव नाही.

"मीच विझू दिली," एडिथ मडमबाई म्हणाल्या. अंगावर शाल, हातात सुकी शेणी, शेणाची गोवरी. "काडी ओढू नको. आज विस्तव मी मागून आणणार."

चार दिवसांपूर्वीची चूक त्यांचीच होती, आणि कालपासून ती त्यांना घास गोड लागू देत नव्हती.

बायाक्का रोज सकाळी यायची. गावाच्या पार त्या टोकाची म्हातारी. शेणीचा तुकडा पुढे करायची, "इस्तू घाला वो मडमबाई," म्हणायची, आणि विस्तव मिळाला तरी पायरीवरून हलायची नाही. म्हशीच्या खोड्या, खानापुरात दिलेली लेक, सुनेचा तोरा, सगळं सांगून व्हायचं. तोवर शेणीवरचा विस्तव विझायचा आणि जाताना दुसरा घ्यावा लागायचा. बाईंचे यजमान, मिशनचे साहेब, टांग्यातून गावोगाव फिरत. सबंध गावातून बंगल्याची पायरी चढणारं हे एवढं एकच माणूस. बेळगावच्या मुन्शीने सहा महिन्यांत शिकवलं नाही, तेवढं मराठी बायाक्काने मडमबाईंना सहा आठवड्यांत शिकवलं होतं.

एवढ्या थंडीत म्हातारी कुडकुडत येते, बाईंना बघवेना. त्यांनी तिच्या हातावर कोरी काडीपेटी ठेवली. "आता थंडीत यायला नको," असं वर प्रेमाने सांगितलं. बायाक्काने पेटी उलटीपालटी करून बघितली, "बरं" म्हणाली आणि गेली. ती गेली ती गेलीच.

तिच्या न येण्याचा उलगडा परशरामने कालच केला होता. "इस्तू मागायला आलेल्या बाईला काडीपेटी देत्यात व्हय? वाटंतली चार पेटत्या चुलींची घरं सोडून ती हितं येत हुती. तुमी तिचं यायचंच बंद केलंसा की!"

बाईंना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मीही येतो," कोटाची बटणं लावत साहेब म्हणाले. "आणि तिने नाही दिला तर?"

"तर आज चहा नाही."

साहेबांचा जीव चहात. पण टोपी घेऊन ते मुकाट्याने मागोमाग निघाले. मडमबाईंना त्यांचं फार बरं वाटलं.

गावातून गोरी बाई हातात शेणी घेऊन चाललेली बघून पाण्याला निघालेल्या बायका घागरीसकट थांबल्या. एक फिसकन हसली. बाई खाली मान घालून चालत राहिल्या. वाटेत ती चार घरं लागली. चारही घरांतून धूर निघत होता. बाईंनी ती चारही घरं सोडली.

बायाक्का दारातच शेणाने सारवत होती. तिने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"काय मडमबाई? काडीपेट्या सरल्या व्हय?"

मडमबाईंनी वाटभर वाक्य घोकलं होतं, ते आयत्या वेळी गेलं कुठल्या कुठे. खोटं तर बोलता येईना. "न्हाय. लई हायत. दोन डझन हायत."

"मग?"

"तुमी येत न्हाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मला करमत न्हाय."

बायाक्का उठली. हात धुऊन आत गेली. चिमट्यात चांगला फुललेला निखारा धरून आली आणि तिने तो शेणीवर अलगद ठेवला. मग पायरीवरची माती पदराने झटकली.

"बसा वाईच. सूनबाईनं काल काय केलं ते सांगतो."

मडमबाई बसल्या. साहेब उभेच राहिले, वारा लागू नये म्हणून शेणीवर टोपीचा आडोसा धरून. सुनेची गोष्ट बरीच लांबली. तिच्यात म्हैस आली, खानापूरची लेक आली. टोपीखालचा निखारा हळूहळू राखाडी झाला. साहेबांनी एकदा वाकून बघितलं, पण मधे बोलायचा धीर काही त्यांना झाला नाही.

उठताना बायाक्काने विझलेली शेणी बघितली आणि तोंडाला पदर लावून हसली. आत जाऊन दुसरा निखारा आणला. दुसऱ्या हातात काडीपेटी होती. कोरीच, एकही काडी न ओढलेली. ती तिने मडमबाईंच्या मुठीत कोंबली.

"ही तुमची तुमाला," ती म्हणाली. "आनि उद्या चूल इझू देऊ नगासा. म्या येतो न्हवं का."