उंदरांवर खापर

"मार सेल्फ," डॉक्टर म्हणाले.

लेकीने किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि धापा टाकून गप्प झालं. ती लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं ताडपत्रीखाली झोपली होती. आज तिला उठवायचंच होतं. उद्या सकाळी डोंगररस्त्याच्या शर्यतीसाठी गाड्यांची तपासणी होती, आणि डॉक्टरांनी सगळ्या गॅरेजसमोर लेकीला शब्द दिला होता. "संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर गाडी तुझी. नाही झाली तर शर्यतीचं नाव काढायचं नाही."

डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत. बॉनेटला कान लावून गाडीचं दुखणं सांगायचे, म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. माणसांना थापा मारतील, पण इंजिनाबद्दल खोटं बोलणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. याच गाडीने एका शर्यतीत शेवटच्या वळणावर त्यांना कठड्यावर आपटलं होतं. पाय जोडला गेला. गाडीही त्यांनी स्वतः ठाकठीक केली, आणि लगेच तिच्यावर ताडपत्री घातली. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरीच्या आईने शपथ घातलीय."

लेकीला कुणी शपथ घातली नव्हती. इंजिन खोलायला आणि बसवायला ती याच शेडमध्ये शिकली होती. गाडी आज सुरू होणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी तिने नवी बॅटरी बसवली. कार्बोरेटर खोलून आतला चिकटा धुऊन काढला. दोन वायरी कुरतडलेल्या निघाल्या, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा खुलला.

"बघ, उंदीर! उंदरांनी वाट लावलीय गाडीची."

तिने वायरी बदलल्या. गाडी ढिम्म.

"बाबा, स्पार्क बघू का?"

"मी सकाळीच बघितलाय. ठणठणीत आहे. तू पेट्रोलच्या मागे लाग."

इंजिनाबद्दल बाबा म्हणाले म्हणजे विषय संपला. ती पेट्रोलच्या मागे लागली. टाकीतलं जुनं, आंबलेलं पेट्रोल काढताना थोडं डॉक्टरांच्या अंगावर उडालं. दाराशी उभ्या असलेल्या आईचं नाक आधीच वाकडं झालं होतं.

"अहो, काढा तो शर्ट आधी. घराचा पेट्रोल पंप करू नका."

डॉक्टर शर्ट बदलून आले, आणि तेव्हापासून त्यांचं लक्ष उडालं. छातीवरचा खिसा चाचपायची त्यांना जुनीच सवय होती. डॉक्टर स्वतःचेच ठोके मोजतात, अशी गॅरेजमधले चेष्टा करायचे. आज मात्र खिसा चाचपून ते धुण्याच्या बादलीपर्यंत जाऊन आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. आईने काय शोधताय म्हणून विचारलं नाही.

उन्हं उतरली. ताजं पेट्रोल भरूनही इंजिन नुसतं फिरत होतं. लेकीने एक प्लग खोलला. ओला. दुसरा खोलला. तोही ओला. म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोचत होतं, पण पेटत नव्हतं. म्हणजे स्पार्क नव्हता. आणि बाबा म्हणाले होते, ठणठणीत आहे.

तिला गलबलून आलं. गाडी अडली याचं दिवसभरात एकदाही वाईट वाटलं नव्हतं.

सगळ्या प्लगना जिथून स्पार्क वाटला जातो, त्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तिने हात घातला.

"ते नको उघडूस," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "क्लिपा जुन्या आहेत, तुटतील."

क्लिपा अलगद निघाल्या. झाकणाखालचा अंगठ्याएवढा रोटर जागेवर नव्हता. तो नसेल तर एकाही प्लगला ठिणगी मिळत नाही.

"उंदीर," डॉक्टर म्हणाले.

"बाबा, उंदराने क्लिपा काढल्या, रोटर उचलला आणि जाताना परत क्लिपा लावल्या?"

डॉक्टर जुन्या टायरवर बसले. "या गाडीचा रोटर आता कुठे मिळायचा नाही. जाऊ दे ना. माझं काही नाही गं, पण तुझ्या आईचा जीव..."

"माझं नाव पुढे करून किती वर्षं गाडी बंद ठेवणार आहात?"

आई ओले हात पुसत शेडमध्ये आली होती. "मी कधी शपथ घातली हो? हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्या माझ्याकडे बघून 'गाडी कशी आहे' म्हणालात. तेव्हासुद्धा ब्र काढला नाही मी."

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते लेकीकडे न बघता बोलले. "कठड्यावर आपटलो तेव्हा नाही घाबरलो. गाडी दुरुस्त करून घरी आणली, तर ही एवढीशी पोर स्टिअरिंग धरून बसलेली. म्हणाली, आता माझी पाळी. तेव्हा घाबरलो. अजून घाबरतो."

लेकीचा राग निम्मा उतरला, पण हातातला पाना तिने खाली ठेवला नाही.

आईने तिचा तेलकट हात ओढून घेतला आणि त्यावर आपली मूठ उघडली. तळहातावर काळा, अंगठ्याएवढा रोटर पडला.

"या शर्टाच्या खिशातून त्या शर्टाच्या खिशात फिरत होता," आई म्हणाली. "दर धुण्याला मीच काढून ठेवायचे, आणि इस्त्रीच्या शर्टात परत टाकायचे. म्हटलं, कधीतरी स्वतःच्या हाताने बाहेर काढतील."

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"आज नाही परत टाकला."