अठराचं ॲव्हरेज

"अठराच्या खाली आलं, तर मोठी गाडी बुक करायची. ठरलं ना बाबा?" शलाकाने विचारलं.

"आणि अठरा आलं, तर हीच गाडी राहील. तेही ठरलं," नंदकिशोर म्हणाले आणि त्यांनी वहीत तारीख टाकली.

मकरंद पोहे खात होता. बायको आणि वडील यांच्यामध्ये पडायचं नाही, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता.

गाडी नऊ वर्षांची होती. छोटी, पांढरी, पेट्रोलची. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नंदकिशोरांनी ती घेतली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्वतः चालवत नसत. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या घरापासून महादेवपुऱ्यातल्या ऑफिसपर्यंत रोज मकरंद ती नेई. शलाकाचं काम आता घरूनच चाले, पण आधीची दोन वर्षं तिनेही त्याच रस्त्यावर ती चालवली होती.

"लिटरला चौदाच्या वर कधी गेली नाही," ती म्हणाली. "त्या ट्रॅफिकमध्ये जाणारच नाही. उगाच हट्ट करताय."

नंदकिशोर हट्टीच होते. चाळीस वर्षं यंत्रांशी गाठ पडलेला माणूस, सुनेला घाबरणार थोडाच! पण या वेळी हट्टामागे धास्तीही होती. ही गाडी जाता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. रात्री अंथरुणावर पडलं तरी तेच.

परीक्षा दोन आठवड्यांची ठरली. नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरायची, दहा दिवस ऑफिसला जायचं, पुन्हा तशीच भरायची आणि भागाकार करायचा.

त्यांनी मकरंदला शिकवणी सुरू केली. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. पुढची गाडी थांबणार हे लांबूनच ओळखायचं आणि ॲक्सिलरेटर आधीच सोडायचा. सिग्नल लांबला तर इंजिन बंद. एअर फिल्टर त्यांनी स्वतः झटकला, टायरमध्ये हवा स्वतः उभं राहून भरून घेतली.

मग डिकी रिकामी केली. पाण्याचे दोन कॅन निघाले, क्रिकेटची बॅट निघाली, कुणाला तरी द्यायचे म्हणून वर्षभर फिरत असलेले जुने कपडे निघाले. एक खोकं निघालं. त्यात कॉफीचा मग, शलाकाचा फोटो आणि निवडुंगाची एवढीशी कुंडी.

"हे रे काय?"

"ऑफिसात डेस्क बदलतायत बाबा. नेईन नंतर."

नंदकिशोरांनी खोकं वजनकाट्यावर ठेवलं. तीन किलो भरलं. त्यांनी ते स्वतःच्या कपाटावर ठेवून दिलं आणि कुंडी तेवढी खिडकीत मांडली.

रोज संध्याकाळी ते पार्किंगमध्ये उतरत आणि किलोमीटर टिपून घेत. अडतीस. दुसऱ्या दिवशी अडतीस. तिसऱ्या दिवशीही. एक दिवस सदतीस नाही की चाळीस नाही.

"शिस्त बघ तुझ्या नवऱ्याची," त्यांनी शलाकाला सांगितलं.

"बाबा, तुम्ही त्याला ऑफिसातही धड बसू देत नसाल. किती वाळलाय तो!"

सकाळी गाडी पुसणं हेही त्यांचंच काम. अलीकडे काचेवर चिलटं फार चिकटत. ओल्या फडक्याने घासघासून काढावी लागत.

दोनदा मकरंद अवरेकाईच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा घेऊन आला. ऑफिसबाहेर एक म्हातारी विकायला बसते, म्हणाला. शेंगांना ओली माती होती, शहराबाहेर आनेकलकडच्या शेतांत असते तशी. नंदकिशोरांनी त्या सोलल्या, शलाकाने उसळ केली, आणि बेंगळुरूत येऊन तिला आवडलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, असं तिने पुन्हा एकदा जाहीर केलं.

दहावा दिवस संपला. शनिवारी सकाळी बापलेक पंपावर गेले. ट्रिपमीटर बरोबर तीनशे ऐंशी दाखवत होता. नळी खटकन थांबली तेव्हा पंपावरचा माणूस अजून थोडं ओतायला निघाला.

"साकु, साकु!" नंदकिशोरांनी कानडीत पुरे म्हणून त्याला थांबवलं. सतरा पूर्णांक सहा लिटर बसलं होतं. बिल त्यांनी खिशात ठेवलं. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शलाका दारातच उभी होती. "किती?"

"अठरा पूर्णांक दोन."

"त्या रस्त्यावर?"

"गाडी तीच, रस्ता तोच, पाय वेगळा," नंदकिशोर म्हणाले.

शलाकाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. सासरे एकवेळ देवाची खोटी शपथ घेतील, पण वहीत खोटा आकडा लिहिणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने हात जोडले. "हरले बाई मी!" आणि शोरूमवाल्याला फोन करून येत नसल्याचं सांगून टाकलं.

त्या दुपारी मकरंदने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नंदकिशोरांना ते बघून फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मकरंद डबा घेऊन खाली आला, तेव्हा ते काच पुसत होते. त्यांनी खिशातून पंपाचं बिल काढून त्याच्या हातात दिलं. पाठीमागे पेन्सिलीने भागाकार केला होता. उत्तर होतं एकवीस पूर्णांक सहा.

"बाबा, तुम्ही तर अठरा..."

"आनेकलच्या मोकळ्या रस्त्यावर एवढं यायचंच," फडकं पिळत नंदकिशोर म्हणाले. "नवी नोकरी लागेपर्यंत रोज तासभर रिंग रोडच्या गर्दीत काढत जा. भागाकार शलाकालाही येतो."