तीन पंख्यांचं कार्ड

दुकानदाराने तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड काउंटरवर आणून ठेवलं आणि लेकीला आभाळ ठेंगणं झालं. चार महिने ज्याचे फोटो बघत तिने ताटातलं जेवण गार केलं होतं, ते आता वीतभर अंतरावर होतं. तिने त्याला हात लावला आणि घाईने मागे घेतला. शेजारी आई उभी होती.

आई शिवणकाम करायची आणि शिकवायचीही. बाही कशी कापावी, गळा कसा बसवावा, याचे तिचे व्हिडिओ लेक मोबाइलवर जोडून द्यायची. मोबाइल दर पाच मिनिटांनी मान टाकायचा. म्हणून घरात पहिला कॉम्प्युटर येणार होता, आईच्या शिकवण्यांसाठी. निदान आईला तसं सांगितलं होतं. व्हिडिओला लागणारं सगळं यादीत होतंच, पण हे कार्ड मात्र गेमसाठी होतं. डोंगरातल्या मोटारींच्या शर्यतीसाठी. "व्हिडिओला लागतं गं," म्हणून लेकीने ते बेमालूम खपवलं होतं. आता दुकानदाराच्या तोंडून एक शब्द निसटला की बिंग फुटणार आणि कार्ड हातचं जाणार.

बाकी यादी चोख होती. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे छत्तीस गुण जुळत होते. रॅम बत्तीस जीबी, पॉवर सप्लाय भक्कम. कॅबिनेट तिने मुद्दाम लहान निवडलं होतं, शिलाई मशीनशेजारी टेबलावर मावेल असं. दुकानदार एकेक खोका आणत होता आणि ती यादीवर बरोबरच्या खुणा करत होती.

तेवढ्यात आईने पिशवीतून टेप काढला. कुणी काही म्हणायच्या आत तिने कार्ड मोजलं, मग कॅबिनेटच्या आत हात घालून तेही मोजलं.

"पाऊण इंच कमी पडतंय," ती म्हणाली.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. चार महिन्यांत तिने वॅट मोजले, वेग मोजला, दहा दुकानं पालथी घातली. लांबी तेवढी मोजली नाही. कपडे बेतणाऱ्या बाईची मुलगी, आणि माप घ्यायलाच विसरली.

दुकानदाराने लगेच तोडगा काढला. दोन पंख्यांचं आखूड कार्ड पुढे सरकवून त्याने आईला समजावलं की व्हिडिओला हे पुरून उरेल, मोठं घेतात ते गेमवाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी पुस्तीही जोडली. लेकीने मान खाली घातली. भांडायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

आईने आखूड कार्ड उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"पाय कशाला आखडायचे? अंथरूण मोठं दाखवा," ती म्हणाली. "मशीन मी घेईन बाजूला सरकवून."

लेकीला नाचावंसं वाटलं. पण लगेच मन खायला लागलं. आईला वाटत असणार, मोठ्या कार्डामुळे तिच्या शिकवण्या आणखी देखण्या होतील. त्या भाबडेपणावर गाड्या पळवायच्या, हे काही तिला गोड लागणार नव्हतं. कार्ड गेलं तर जाऊ दे, असं ठरवून तिने एकदाचं तोंड उघडलं.

"आई, व्हिडिओला लहान कार्ड खरंच चालतं. मोठं मला गेम खेळायला हवं होतं."

"ठाऊक आहे. तुझी यादी मावशीच्या मुलाला दाखवली, तेव्हाच कळलं," आई टेप गुंडाळत म्हणाली. "त्याच्याकडे हे लहान कार्ड आहे. व्हिडिओ झकास होतात, पण वळणावर गाडी अडखळते."

"तुला काय माहीत?"

"तीन रविवार झाले, जाऊन खेळतेय मी तिथे."

आईने टेप पिशवीत टाकला आणि दुकानदाराने काढलेल्या मोठ्या कॅबिनेटचं दार स्वतःच उघडलं.

"वीस वर्षं मशीनवर पाय मारतेय गं, आणि आहे तिथेच आहे. आता जरा गाडी पळवू दे की मलाही."