शेवटचा फर्मा

"आई, कपाटातलं तुझं पुस्तक अर्धवट आहे." मुलीने शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक दप्तरातून काढून टेबलावर आपटलं. "बारशिंगा मरत नाही."

बसवाली नुकतीच घरात शिरली होती. दिवसभर शहराची बस हाकून पाय भरून आले होते. बुटांचे बंद सोडता सोडता ती म्हणाली, "मरतो. मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून मरतोय."

गोष्ट तिला तोंडपाठ होती. बोलणाऱ्या प्राण्यांच्या राज्यात एक बारशिंगा असतो. त्याच्या शिंगांच्या बारा टोकांवर बारा दिवे जळतात आणि त्या उजेडावर सगळं राज्य चालतं. एक मुलगी मोठं खोटं बोलते. शिक्षा व्हायची असते तिला, पण तिच्या जागी बारशिंगाच टेकडीवर जाऊन उभा राहतो. तिथे एकेक करून बाराही दिवे विझतात. खलास. चर्चमध्ये रविवारच्या वर्गाला जाणारं कुठलंही पोर सांगेल की हा बारशिंगा म्हणजे क्रुसावर गेलेला देव. न जाणारं पोरही टेकडी आली की अंगठा तोंडात घालून गप्प बसतं. म्हणून तर पुस्तक अजून छापलं जात होतं, नव्या रंगीत चित्रांसकट, आणि मुलीला ते मिळायला कितीतरी दिवस नंबर लावावा लागला होता.

बसवालीला तो शेवट पटायचा. गेलेलं माणूस गेलं. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली होती. पुस्तक आईचंच, रविवारचा वर्ग तीच घ्यायची. पुढे वाट बघणं हा प्रकारच बसवालीने आयुष्यातून काढून टाकला. थांब्यावर कुणी धावत येताना दिसलं तरी ती दार लावून घ्यायची. डेपोत त्यावरून तिची चेष्टा चाले. नवरा परदेशी नोकरीला गेला आणि हळूहळू त्याचा फोन येईनासा झाला, तेव्हा तिने सरळ घराचं कुलूप बदललं. मुलगी मात्र अजून जिन्यात पावलं वाजली की बोलता बोलता थांबायची.

"हे बघ," मुलगी बोट ठेवून वाचू लागली. "बारावा दिवा विझला. पण तिसऱ्या दिवशी पहाटे..."

बसवालीने कपाटातून आपलं जुनं पुस्तक काढलं. तिच्या बाबांच्या हातची बांधणी, अजून एक पान हललेलं नव्हतं. 'बारावा दिवा विझला.' त्यापुढे कागदावर खरबरीत पांढुरका डाग. लहानपणी तिला वाटायचं, कसर लागली असेल. आज तिने पान उजेडात धरलं. अक्षर खरवडलेलं होतं, ब्लेडने, अगदी हलक्या हाताने. असा हात एकाच माणसाचा होता.

बाबा नेहमीप्रमाणे उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आई गेल्यापासून पुस्तकं बांधली ती त्याच जागी, डोळे फोडून घेत. आता हातात काम नव्हतं, तरी जागा तीच. खिडकीपाशी चांगला उजेड आहे, इथे वारा लागतो, असं सांगून सांगून बसवालीचं तोंड दुखलं होतं. "इथे बरं आहे," एवढंच ते म्हणायचे.

तिने पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, हे काय आहे?"

बाबांनी डागावरून अंगठा फिरवला. "शेवटचा फर्मा मी काढला. एकत्र शिवलेली सोळा पानं. शिवण उसवून पुन्हा बांधलं. पण आधीच्या पानाच्या तळाशी एक 'पण' उरला होता, तो खरवडावा लागला."

"का पण?"

"तुझ्या आईने तुला सगळी गोष्ट वाचून दाखवली होती. ती गेल्यावर तू ह्या पायरीवर येऊन बसायला लागलीस. जेवायला उठायची नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, बारशिंगा परत आला, आई पण येईल." "पुस्तकातच बारशिंगा आला नाही, तेव्हा उठलीस."

पायरी बसवालीला आठवत होती. तिचा गारवाही आठवत होता. तिथे आपण का बसायचो, हे मात्र पार पुसून गेलं होतं.

आत मुलीचं वाचणं चालूच होतं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि ती मध्येच थांबली. पावलं वरच्या मजल्यावर गेली. बसवाली तरातरा आत गेली आणि तिने उघड्या पुस्तकावर तळवा ठेवला.

"बरोबर केलंत तुम्ही," ती तिथूनच म्हणाली. "मीही तेच करणार. जे येणार नाही त्याची वाट पोरांना कशाला बघायला लावायची? आई गेल्यापासून तुम्ही चर्चची पायरी चढला नाहीत. तुमचा तरी कुठे विश्वास आहे ह्या शेवटावर?"

बाबांनी मान वळवली नाही. ते दाराबाहेर बघत होते.

"वाचू दे तिला," ते म्हणाले. "विश्वास नसता, तर ही खुर्ची मी केव्हाच खिडकीपाशी नेली असती."