बिनडोळ्यांची पलटण

भिंगारच्या छावणीत, मेजरसाहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात नबीलाल रंगारी शिशाच्या शिपायांना लाल डगले चढवत बसला होता. तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, की या वेळी डोळेही तूच काढ.

नबीलालचा हात जागच्या जागी थांबला.

साहेबांना जुन्या लढायांचा नाद. आत जेवणाच्या टेबलावर वाळू पसरून त्यांनी नगरचा किल्ला उभा केला होता. एकीकडे कंपनीची लाल पलटण, दुसरीकडे मराठी घोडेस्वार. फासे टाकायचे आणि पडेल त्या आकड्याइतके शिपाई आडवे करायचे. समोर खेळायला एक डॉक्टर असायचा, तो महायुद्ध संपलं तसा विलायतेला गेला. तेव्हापासून साहेब या बाजूने फासे टाकत, मग टेबलाला वळसा घालून त्या बाजूने टाकत. जिंकणारेही तेच आणि हरणारेही तेच.

शिपाई ओतायचे साहेबांनी. नबीलाल कानशीने त्यांच्या कडा घासायचा, हात आणि बंदुका जोडायचा, एकेकाला दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर लाखेने चिकटवून रंगवायचा. पगडी, पट्टे, बटणं, सगळं काही. डोळे मात्र नाहीत. तो मोहरमच्या ताबुतांचा पिढीजात रंगारी. वेलबुट्टी काढावी तर त्याच्याच घराण्याने, पण माणसाच्या चेहऱ्याला त्यांच्यात कुणी हात लावला नव्हता. तो गुन्हा. बिनडोळ्यांचा शिपाई म्हणजे नुसतं शिसं, अशी पळवाट नबीलालने आपल्यापुरती काढली होती. डोळे साहेब स्वतः काढत, भिंग लावून. पण हिवतापाने त्यांचा हात कापायला लागला होता आणि पुढच्या आठवड्यात त्यांना कायमचं मायदेशी जायचं होतं.

नबीलालने नकारार्थी मान हलवली. साहेब रागावले नाहीत. मग आंधळेच येतील माझ्याबरोबर, एवढं म्हणून ते आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नबीलालला वाटलं.

छगन बटलर शिपायांना कापसात गुंडाळून पेटीत भरत होता. तो म्हणाला, साहेबाला तिकडे कुणी नाही, एक बहीण होती ती बॉम्बहल्ल्यात गेली. आता त्याचा गोतावळा म्हणजे ही पलटण. मग, माणूस गप्प बसवत नाही म्हणून बोलतो, तसं त्याने सांगितलं, की काल टेसनावर आणखी काही शिपाई उतरले, घोडेगावचा मच्छिंद्रसुद्धा ब्रह्मदेशातून सुखरूप आला.

नबीलालला ते ठाऊक होतं. कालही तो टेसनावर होता. हिवाळाभर शिपायांची एकही गाडी त्याने चुकवली नव्हती. त्याचा एकुलता एक सत्तार ब्रह्मदेशातच बेपत्ता झाला होता. नदी उतरताना दिसला, पुढे नाही दिसला, एवढंच मच्छिंद्रला सांगता आलं. वाट बघून बघून त्याच्या बायकोने, मुबारकबीने, डोळे मिटले आणि सून जहिरा बापाकडे काष्टीला निघून गेली. घरात आता नबीलाल स्वतःशीसुद्धा बोलत नसे, कारण आवाज घुमायचा.

वितळवायला काढलेल्या शिपायांचा ढीग बाजूला पडला होता. त्यात एकाचा साचा नीट भरला नव्हता आणि त्याचा उजवा खांदा उतरला होता. नबीलालने तो उचलला. सत्तारचा खांदा असाच होता. ताबुताच्या दांडीने पोराचा खांदा उतरवला, म्हणून मुबारकबी दरसाल नवऱ्याशी भांडायची. हा मी घेऊ का, असं त्याने छगनला आत विचारायला लावलं. साहेबांनी न बघताच हात हलवला, घेऊन टाक म्हणून.

नबीलालने त्याच्या कडा घासल्या. लाल रंगाची वाटी बाजूला सारून त्याने खाकी कालवला. डगला झाला, पट्टा झाला. मग त्याने खारीच्या केसांचा सगळ्यात बारीक कुंचला घेतला, ओठांत धरून त्याला टोक केलं आणि काळ्या रंगात बुडवला. छगन बघतच राहिला.

"चाचा, आत्ता तर न्हाई म्हनला हुता तुमी. गुन्हा हाय ना?"

"हाय."

एक डोळा काढून झाला. नबीलालने शिपाई उजेडाकडे धरला. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटली नाही.

"बाप सांगायचा, ज्याचे डोळे काढशील, त्याच्यात जीव घाल म्हनून कयामतीच्या दिवशी अल्ला तुला हुकूम करंल. अन् तुला तो घालता यायचा न्हाई."

"मग वर काय सांगनार?"

"सांगंन, मला न्हाई येत, तुलाच येतं. मी तरी इतके दिस दुसरं काय मागतोय?"

छगनने पुढच्या शिपायासाठी कापूस पिंजला. आतून फासे टाकल्याचा आवाज आला, मग टेबलाभोवती फिरणारी साहेबांची पावलं वाजली. नबीलालने श्वास रोखून दुसरा डोळा काढला, शिपायाला उन्हात वाळत ठेवलं आणि साहेबांच्या पलटणीतला पहिला आंधळा पुढे ओढला.